माझ्याच विजेचं गणित

मित्रांनो, मला जुना म्हणा, चालेल. पण डबा म्हणालात तर खबरदार! मी हायस्कूलच्या संगणक खोलीतला, खिडकीजवळचा संगणक आहे. माझ्या कळफलकावरची अक्षरं पुसली गेली आहेत, सुरू होताना मी घरघरतो, पण आजवर एकाही गणिताचं उत्तर मी चुकवलेलं नाही.

नवा होतो तेव्हा माझ्यापुढे बसायला मुलांची झुंबड उडायची. पुढे चकचकीत, सडपातळ भावंडं आली आणि माझ्यावर धूळ बसू लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? एके दिवशी मुख्याध्यापक माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "नुसता वीज खातो हा. भंगारात काढा."

गणिताच्या बाई पुढे आल्या. "काढू की सर. पण आधी नववीला हिशेब करू द्या. पर्यावरण नुसतं पाठ करून काय उपयोग?"

मग माझ्या प्लगला एक छोटा मीटर लागला. मी खाल्लेल्या विजेचे आकडे तो टिपायचा, मुलं ते माझ्यातच भरायची आणि त्यांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर मी आलेख काढायचो. स्वतःच्या फैसल्याचा आलेख स्वतःच काढायचा! माझा पंखा नुसता भणाणत होता, पण एक आकडा इकडचा तिकडे केला नाही.

आलेख वाईट आला. "गेला बिचारा," कुणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात एक मुलगी उठली. तिला सगळे टकळी म्हणतात, कारण तिचं तोंड कधी बंद नसतं.

"बाई, शाळा सुटल्यावरही ही रेघ खाली का येत नाही? तेव्हा इथे कोण बसतं?"

"याला बंद कोण करतं?"

"मीच की! रोज, न चुकता."

"करून दाखव बरं."

टकळीने ऐटीत पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला, मी मात्र घरघरतच राहिलो. बाईंना हसू आवरेना. "अगं, हे नुसते याचे डोळे मिटले. हा चालूच आहे, तुझ्या तोंडासारखा!" अख्खा वर्ग खो खो हसला. टकळी जीभ चावून खाली बसली.

पुढच्या आठवड्यात ती मला नीट बंद करू लागली आणि शाळा सुटली की रेघ तळाला टेकू लागली. मग मुलांनी आणखी एक गणित घातलं: नवा संगणक घडवायलाच किती वीज लागते, आणि माझ्या जागी तो आणला तर त्याने वाचवलेल्या विजेतून ती भरून निघायला किती वर्षं जातील? उत्तर माझ्याच पडद्यावर उमटलं. इतकी वर्षं, की तोवर तो नवासुद्धा जुना होईल! खरं सांगतो, त्या दिवशीएवढा अभिमान मला नवा असतानाही वाटला नव्हता.

मुख्याध्यापकांनी ते उत्तर दोनदा वाचलं. "राहू द्या याला," ते म्हणाले. मग जरा घुटमळून हळूच विचारलं, "बाई, माझ्या ऑफिसातला संगणक... मीही पडद्याचंच बटण दाबतो हो."

"चला सर, मी दाखवते!" टकळी केव्हाच दारात पोचली होती.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आम्हाला बंद कराल तेव्हा खरंच बंद करा. आणि टाकून द्यावंसं वाटलं, तर आधी एकदा गणित मांडा. सोडवून द्यायला मी आहेच.