अखंड कापड आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे, शिलाई मशीनला लावायची. हसू नका! १९६१ साली बेंगळुरूच्या चिकपेटेत शकुंतलाबाईंच्या मशीनला मला जोडलं, तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. पायडल न मारता सुई धावते म्हणजे काय!

माझ्या पाठीवर पितळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'नॉट फॉर कंटिन्युअस यूज'. बाईंनी शेजारच्या सुब्बारावांना विचारलं. ते कचेरीत टायपिस्ट.

"कंटिन्युअस म्हणजे अखंड, अक्का. अखंडला वापरू नका म्हणून लिहिलंय," म्हणाले आणि बस गाठायला पळाले.

"सरी, बरं मग," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "अखंड कापड कोण शिवतंय? मी कापलेलंच शिवते."

अरे देवा! शिंपिणीच्या कानाला अखंड म्हणजे न कापलेलं कापड. मला तर मधे मधे थांबून निवायचं होतं. पण सांगणार कशी? मला तोंड कुठे?

पुढच्या जानेवारीत शाळेचं काम आलं. सव्वीस तारखेच्या परेडला तीस सदरे. वेळेवर दिले तर दरसालचे गणवेश बाईंकडे, नाहीतर दुसऱ्या दुकानाकडे. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई सकाळी बसल्या की उठायच्या नाहीत, आणि मी नुसती पळत होते. तापले, घरघरले, जळका वास सुटला. बाई, थांबा हो, असं मनात किती ओरडले! तेविसावा सदरा संपला आणि चोविसाव्याच्या कॉलरवर मी जळले.

बाईंना रडू फुटलं. सुब्बाराव धावत आले, सगळं ऐकलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अक्का, अखंड म्हणजे न थांबता! स्वल्प विसावा द्यायचा होता हिला!"

"मग तसं सांगायचं ना, अण्णा!"

बाईंनी डोळे पुसले, मला उतरवलं, जुना चामडी पट्टा चढवला आणि उरलेले सात सदरे पायडल मारून शिवले. परेडच्या सकाळी ते पोचले. काम टिकलं, बाईंचे पाय मात्र सुजले.

आता मी फळीवर असते. यंत्राला दम खाऊ द्या, हे तर सांगतेच. पण इथून मला बाई दिसतात. अजून तशाच शिवतात, न थांबता. माझा जीव नुसता तळमळतो.

मित्रांनो, माझ्या पाठीवर निदान पट्टी तरी होती. तुमच्या घरातही असं अखंड राबणारं कुणी असेल. त्यांच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसतं. आज त्यांचा हात धरा आणि त्यांना जरा बसवा.