अर्धवट ठोकलेली जोडकडी

मित्रांनो, मी एक जुनी जोडकडी आहे. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काहीच येणार नाही, हे मला ठाऊक आहे. साखळी सगळ्यांना माहीत असते, हूकही माहीत असतो. पण त्या दोघांची गाठ घालून देणारी मी, मला कोण विचारतो?

माझे घोड्याच्या नालेसारखे दोन वाकडे तुकडे असतात. एक साखळीच्या शेवटच्या कडीत अडकवायचा, दुसरा हुकाच्या भोकात. मग दोन्ही तुकड्यांची तोंडं जुळवायची, मधल्या फटीत बोटाच्या पेराएवढी पोलादी नळी ठेवायची आणि आरपार पिन ठोकायची. ती नळी पिनेला गच्च धरून ठेवते. नळी नसेल, तर पिन म्हणजे भोकात नुसती ठेवलेली काडी.

कारखान्यात मला लालबुंद तापवलं, घणाखाली घातलं, आणि मग यंत्राला अडकवून असं ओढलं की विचारू नका. मी हूं की चूं केलं नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर खूण ठोकली आणि ‘पक्की आहे’ म्हणाल्या. त्या एका शब्दावर मी कित्येक महिने दुकानाच्या अंधाऱ्या खोक्यात काढले. शेजारी माझी जुळी बहीण होती. आम्ही दोघी वाट पाहत होतो.

एका सकाळी एका मिस्त्रींनी आम्हाला विकत घेतलं आणि आपल्या कारखान्यात नेलं. तिथे दारात एक छोटा ट्रक उभा होता, मागे ट्रेलर. ट्रेलरचा दांडा ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतो. तो कधी निसटलाच, तर ट्रेलर उधळू नये म्हणून दोन साखळ्या असतात. दांड्याखाली त्यांची फुली करून त्या ट्रकला अडकवतात, म्हणजे निसटलेला दांडा त्या झोळीत पडतो. या साखळ्यांचे जुने हूक गंजून गेले होते. नवे हूक जोडायला आम्ही आलो होतो.

ट्रक एका काकांचा होता. शेजारी काकू होत्या आणि त्यांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. इतकी वर्षं घरच्या ओट्यावर पाव भाजून विकणाऱ्या काकूंची आज स्वतःची बेकरी उभी राहणार होती. त्यासाठीची मोठी भट्टी या ट्रेलरवरून आणायची होती.

मिस्त्रींनी माझ्या बहिणीला डाव्या साखळीत बसवलं. नळी, पिन, हातोड्याचे ठोके, मग स्वतः लोंबकळून एक हिसका. सगळं रीतसर. काका मात्र घड्याळाकडे बघत होते.

“मिस्त्री, दुसरी मी बसवतो. एक बघितली की. यात काय मोठंसं?”

“पाच मिनिटं थांबा, साहेब.”

“तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. मागच्या वेळी त्यात माझं जेवण हुकलं.”

“वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना.”

“माझं ऐकतात कुठे? ऐकत असते, तर आम्ही कालच आलो असतो,” काकू म्हणाल्या.

पण काकांनी मला खिशात टाकलंच.

भट्टीवाल्याच्या अंगणात भट्टी ट्रेलरवर चढली, दोरांनी आवळली गेली, आणि मग काका मला घेऊन ट्रेलरच्या दांड्यापाशी बसले. त्यांनी नळी-पिनेची पुडी दातांनी फाडली. नळी उडाली, फरशीवरून घरंगळली आणि गटाराच्या जाळीतून खाली गेली. काकांनी पालथं पडून जाळीत बोटं घातली. हाताला चिखल लागला, नळी लागली नाही.

मला वाटलं, आता हे उठतील, मिस्त्रींकडे परत जातील. उठले खरे, पण गेले अवजारांच्या पेटीकडे. त्यांनी माझी पिन नुसतीच सरकवली आणि ती पडू नये म्हणून शेजारच्या फटीत एक खिळा ठोकला. वरून रुमालाने पुसलंसुद्धा. मी अशी चकचकीत दिसत होते, की कोणालाही वाटावं, वा, काय काम केलंय!

“झालं का हो?” काकूंनी पुढून विचारलं.

“झालं.”

मित्रांनो, माझी चिडचिड तुम्हाला कशी सांगू? झालं कुठे? मी बसलेच नव्हते. मला तोंड असतं, तर मी रस्ताभर बोंब मारली असती. प्रत्येक धक्क्याला खिळा थोडा थोडा वर येत होता. पलीकडे माझी बहीण निवांत झुलत होती आणि मी, तिच्याइतक्याच पोलादाची मी, एका खिळ्याच्या मेहेरबानीवर होते.

बेकरीपुढे रस्ता उतरता होता. ट्रेलर मागे घेत दारापाशी न्यायचा होता. काकू उतरल्या, ट्रेलरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात हलवू लागल्या. “येऊ द्या… येऊ द्या… थोडं डावीकडे… येऊ द्या…”

ट्रेलरचं चाक खड्ड्यात आदळलं. दांडा गोळ्यावरून उसळून निसटला आणि भट्टीसकट ट्रेलर उताराला लागला. साखळ्या ताणल्या. ज्या क्षणासाठी माझा जन्म झाला होता, तो हा क्षण. आणि खिळा पडला, पिन सरकली, माझे दोन तुकडे दोन दिशांना उडाले.

बहिणीने एकटीने धरलं. झोळी मोडली होती, त्यामुळे दांडा रस्त्यावर आपटला. ट्रेलर गर्रकन फिरला आणि त्याचा कोपरा दाराच्या चौकटीत घुसला. काकू तिथेच उभ्या होत्या. त्या आत पडल्या म्हणून वाचल्या. कोपर सोलवटलं, भट्टीची काच तडकली.

काका धावत आले. काकू उठल्या, बाहेर आल्या आणि रस्त्यावरचा तो खिळा त्यांनीच उचलला.

“हा कुठला?”

“नळी गटारात पडली होती,” काका कसंबसं म्हणाले. “म्हटलं, आजच्या दिवसापुरतं चालेल.”

काकूंनी खिळा त्यांच्या हातात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “नळी पडली त्याचं काही नाही हो. कोणाच्याही हातून पडेल. पण ‘झालं नाही’ एवढं म्हणाला असतात, तर मी मागे उभी राहिले नसते.”

काका तिथेच पायरीवर बसले.

असा हिसका बसलेली जोडकडी पुन्हा वापरत नाहीत. आता मी बेकरीच्या फळीवर असते. कागदी पिशव्या वाऱ्याने उडू नयेत, म्हणून काकूंनी माझे तुकडे त्यांच्यावर ठेवले आहेत. टनांची ओढ सोसायला जन्मले आणि पिशव्या राखते आहे! राग येतो, अजूनही येतो. मला कमकुवत म्हणून कोणी हिणवलं, तर जास्तच येतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. काम अर्धं राहिलं, तर राहू द्या. त्याची लाज वाटू देऊ नका. फक्त कोणी विचारलं, तर अर्धं राहिलंय म्हणून सांगा. तुमच्या शब्दावर विसंबून कोणीतरी मागे उभं असतं.

खिडकीतून मला रोज ट्रक दिसतो, मागे ट्रेलर. निघण्याआधी काका खाली वाकतात, दोन्ही साखळ्या हिसका देऊन बघतात आणि मग काकूंना हाक मारतात, “अगं, एकदा तूही ओढून बघ.”

आणि काकू हातातलं पीठ झटकून जातात.