माया किती?

गल्लीत तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, आणि त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे दुकानातलं कापड ती कापायची, आणि असं कापायची की चिंध्यांच्या टोपलीला उपास घडावा. दुसरं कारण तिची जीभ. नवऱ्याला ‘टाका’ म्हणत, कारण तो मशीनवर बसायचा आणि बोलतानाही एकेक शब्द टाक्यासारखा जपून घालायचा. त्यांचा पाच महिन्यांचा मुलगा दुकानात ‘बटण’ होता. गोल, चकचकीत, आणि कधीही निसटून कोपऱ्यात घरंगळेल असा.

टाक्याच्या घरात मुलांची सुंता होत आलेली. त्याची झाली होती, त्याच्या बाबांची, काकांची, सगळ्या चुलतभावांची. कात्रीच्या माहेरी कुणाचीच नाही. लग्नाआधी दोघांनी म्हणे सगळं बोलून घेतलं होतं, अगदी पलंगाची कुठली बाजू कुणाची इथपर्यंत. हे तेवढं राहिलं. प्रेमात पडलेली माणसं मुलांची नावं ठरवून मोकळी होतात, पुढचं त्यांच्या डोक्यातही येत नाही.

डोक्यात आलं ते टाक्याच्या मोठ्या बहिणीच्या. कुणाचं लग्न असो की कुणाचा दात काढायचा असो, ताई बाह्या सरसावून पुढे. तिने चांगला डॉक्टर शोधला, रविवारची वेळ घेतली, सगळ्या गणगोताला जेवायला बोलावलं आणि मग जिचं पोर, तिला सांगितलं. कात्रीच्या हातात तेव्हा खडू होता. तो तिने इतक्या जोरात दाबला की टेबलावर त्याचा भुगा झाला.

“आपलं ठरलंय का हे?” तिने टाक्याला विचारलं.

“त्यात ठरवायचं काय? सगळ्यांची होते.”

“तुमच्यात होते. आमच्यात नाही होत. हा दोघांचा आहे.”

“माझी झालीय. माझं काय बिघडलं?”

“तुझं बिघडलं असं मी म्हणतच नाहीये. तू मला आहेस तसा आवडतोस, आणि ते मी पाच महिन्यांपूर्वी चांगलं रडून-ओरडून सिद्ध केलंय. पण बटणाला विचारलं का कुणी?”

“तो काय सांगणार? त्याला अजून ‘आई’ म्हणता येत नाही!”

“मग थांबू. येईल म्हणता.”

टाक्याने मशीनचं चाक हाताने थोडं फिरवलं, उगाचच. “चार भावंडांत तोच एक वेगळा राहील. उद्या म्हणेल, बाबांसारखा मी का नाही? मला त्याला परका करायचं नाही.”

हे मात्र त्याच्या पोटातून आलं होतं, आणि कात्रीला ते कळलं. कळलं म्हणून पटलं असं नाही. तिची बाजूही पोटातूनच आलेली होती: रडणारं पोर दुसऱ्याच्या हातात देऊन आपण दाराबाहेर उभं राहायचं, आणि तेही त्याचं काही दुखत-खुपत नसताना. डॉक्टर म्हणाला असता की आजार आहे, करावी लागेल, तर तिने स्वतः पोराचे पाय घट्ट धरून ठेवले असते. आजार नव्हता. होता तो रिवाज, आणि रिवाजाला पोराच्या अंगापेक्षा मोठा मान द्यायला ती तयार नव्हती.

त्या दिवसापासून दोघांत अबोला. एका दुकानात, हाताच्या अंतरावर बसून अबोला धरणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. कात्री गिऱ्हाइकाला सांगायची, “मशीनवाल्यांना म्हणावं, कॉलर उलटी लागतेय.” टाका गिऱ्हाइकाला सांगायचा, “कापणाऱ्या बाईंना म्हणावं, उलटी नाहीये.” गिऱ्हाईक बिचारं कॉलर धरून दोघांच्या मध्ये.

आता मायेचं सांगायला हवं. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. हे नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण देणारा शहाणा होता. दुकान उभं केलं टाक्याच्या बाबांनी, आणि दुकानाची सगळी पत या मायेवर. मुलांच्या कपड्यांना इथे भरपूर माया असायची. पोर वाढलं की आई कपडा घेऊन यायची, शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा नवा. कात्रीला कापायला बाबांनीच शिकवलं होतं. मुलाचा कपडा टेबलावर आला की तिने विचारायचं, “माया किती?” आणि टाक्याने मशीनवरून बोटं दाखवायची. लग्नापासून हे असंच चाललेलं. त्या आठवड्यात तिने विचारलं नाही आणि त्यानेही बोटं वर केली नाहीत.

टपालवाल्या बाईंच्या मुलाचा कोट त्याच आठवड्यात आला. पोरगं ताडासारखं वाढणारं, आणि बाईंनी कापड निवडून निवडून चांगलं आणलेलं. कात्रीने सवयीने माया सोडून कापला आणि टेबलावरून नुसता सरकवला. टाक्याचं चित्त रविवारात, कोट वाढत्या पोराचा आहे हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. शिवून झाल्यावर आत एवढं कापड दिसलं तेव्हा त्याला वाटलं, हिचं रागात माप चुकलं. विचारायचं म्हणजे आधी बोलावं लागणार. त्याने मशीनजवळची छोटी कात्री उचलली आणि सगळी माया शिवणीलगत छाटून टाकली. कोट आतून बाहेरून सुबक दिसायला लागला.

शनिवारी दुपारी बाबा आले. ते आता काम करत नसत, फक्त दाराजवळच्या खुर्चीत बसून कपडे उलटे करून बघत. “कपडा आतून बघावा,” असं त्यांचं म्हणणं. “बाहेरून काय, सगळेच गोरेगोमटे.” ताईही तेव्हाच आली होती, रविवारच्या तयारीची पिशवी घेऊन. बाबांनी कोट उचलला, उलटा केला, आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

“माया कुठाय याची?”

टाका म्हणाला, “छाटली. जास्तीची होती.”

“जास्तीची?” बाबांचा आवाज थेट रस्त्यावर गेला. “जास्तीची हे तू कोण ठरवणार? अंग कुणाचं? पोराचं! वाढणार कोण? पोरगं! कुणाला विचारून छाटलीस? उद्या त्याला लागली तर कुठून आणून देशील? अरे गाढवा, ठेवलेली माया केव्हाही कापता येते. कापलेली परत लावता येत नाही!”

टाका मान खाली घालून, ताई पिशवी छातीशी धरून. कात्रीच्या तोंडात खरं तर दहा उत्तरं तयार होती, ती तिने मोठ्या कष्टाने गिळली. टेबलाखाली टोपलीत निजवलेल्या बटणाला उचललं, बाबांसमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

“बाबा, ते शेवटचं परत एकदा म्हणा ना.”

बाबा रागाच्या भरात होते, त्यांनी म्हटलं. “ठेवलेली माया केव्हाही कापता येते, कापलेली…”

आणि थांबले. नातवाकडे बघितलं. बटणाने त्यांचं बोट पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

ताई लगेच सावरली. “काहीतरीच! कापड वेगळं, पोर वेगळं.”

“अगदी बरोबर बोललात, ताई,” कात्री म्हणाली. “कापडाला दुखत नाही. तरीसुद्धा बाबा विचारल्याशिवाय हात लावू देत नाहीत.”

“आणि तो आपल्यात वेगळा पडेल त्याचं काय?”

ताई विचारत होती ते खरंच होतं, आणि तिलाही पोराची काळजी होतीच. कात्रीने नवऱ्याकडे बघितलं. आता तो काय बोलेल यावर सगळं होतं, आणि तो बोलणाऱ्यातला नव्हता.

टाका मशीनवरून उठला. “नाही पडणार,” तो म्हणाला. “मी पडू देणार नाही. तो माझा आहे, ताई. त्याच्या अंगावर खूण नसली तरी माझाच आहे. मोठा झाल्यावर हवी म्हणाला तर मी स्वतः त्याच्यासोबत जाईन, हात धरून बसेन. नको म्हणाला तर नको. पण विचारणार त्याला. मी या कोटाच्या पोराला विचारलं नाही, बघितलंत ना काय झालं?”

एवढं सलग बोलताना त्याला त्याच्या बहिणीनेही कधी ऐकलं नव्हतं. कात्रीला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलं नाही. आठवडाभर एकटी लढायला कंबर कसून बसलेली ती, आणि लढाई जिंकून दिली ती तिच्या मुखदुर्बळ नवऱ्याने! आनंद तिच्या अंगात मावेना.

बाबा खुर्चीत बसले आणि एकदम हसायला लागले, खोकला येईपर्यंत. “हिला कापायला मीच शिकवलं,” ते म्हणाले. “आणि आज माझ्याच शब्दाने मलाच कापलं हिने. ताई, डॉक्टरांना फोन करून नको म्हणून सांग.”

“आणि जेवण? सगळ्यांना बोलावलंय मी!”

“जेवण कशाला रद्द? माणसं येऊ देत, जेवू देत. पोराचं कौतुक करायला आणखी काय कारण लागतं?”

ताईने पिशवी टेबलावर आपटली. मग बटणाला कात्रीच्या हातातून ओढून घेतलं आणि त्याच्या गालाचा असा करकचून मुका घेतला की तो दचकला. “आईवर गेलाय,” ती पुटपुटली. “याला तरी विचारून काय उपयोग, हट्टीच निघणार.” पण फोन केला तिने, तिथेच उभी राहून.

रविवारी दुकान बंद असायचं. त्या रविवारी सकाळी मात्र दार उघडं होतं, कारण टपालवाल्या बाईंच्या पोराचा कोट नव्याने शिवायचा होता. टाक्याने बाजार फिरून तस्सं कापड शोधून आणलं होतं. डॉक्टरांकडची वेळ आली आणि गेली, दोघांच्याही ते लक्षात होतं, दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही. टेबलाखाली बटण स्वतःचा पाय धरून त्याच्याशी गप्पा मारत होता, जसा जन्मला तसा, अख्खा.

कात्रीने कापड पसरलं, खडू घेतला आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा मान वर करून विचारलं,

“माया किती?”

टाक्याने बोटं दाखवली नाहीत. तो टेबलाखाली वाकून मुलाकडे बघत होता.

“सोड भरपूर,” तो म्हणाला. “वाढणारं पोर आहे.”