धामणीचं गोल घर

"कुणाला खरं वाटणार नाय साहेब, पण ह्या जीपच्या टपावर एक अख्खं घर हाय," असं म्हणत सहादूने काठ्यांची पहिली मोळी खाली ओढली.

नाकेदार पगाऱ्यांनी मान वर करून पाहिलं. टपावर काठ्यांच्या मोळ्या होत्या, सालीच्या दोराची वेटोळी होती आणि सगळ्यांच्या वर, पालथ्या परातीसारखं, छकड्याचं एक जुनं चाक बांधलेलं होतं. घर काही दिसेना.

"पास आहे का?"

"पास नाय, पत्र हाय. आमच्या पोलीस पाटलाचं." सहादूने बंडीच्या आतल्या खिशातून घामाने मऊ झालेला कागद काढून दिला.

पगाऱ्यांनी तो नाक्याच्या आडव्या बांबूला टेकून शांतपणे वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेल असा तो माणूस नव्हता. देवळ्याकडचा, तिशीतला, घाट उतरल्यावरच्या वनखात्याच्या ह्या नाक्यावर दोन महिन्यांपूर्वीच आलेला. आधीचा नाकेदार सुरगाण्याकडच्या माणसांना तोंडावरून ओळखत असे. हा कागदावरून ओळखायचा.

"किती काठ्या?"

"तीन ईस," सहादू म्हणाला. त्याची मोजायची पद्धत विसाविसाची. झोपेतून उठवून विचारलं तरी तो कळपातल्या शेळ्या विसांत सांगायचा. "त्यातल्या छत्तीस उभ्या चिरल्यात, त्या भिंतीच्या. चोवीस सबंध, त्या छपराच्या."

"म्हणजे साठ. जंगलातली धामणीची साठ कोवळी झाडं तोडली तरी एवढाच माल होतो, बाबा."

पगारे हे आवाज न चढवता बोलले. सहादूची बायको नवसाबाई जीपच्या मागच्या फळीवर मांडीत दोराचा गुंडा घेऊन बसली होती. तिने गुंडा बाजूला ठेवला आणि खाली उतरली.

माल इथं अडकला तर काय होणार ते तिला दिसत होतं. जीपचा ड्रायव्हर भिकन काठ्या उतरवून रिकामा परतेल, सहादूवर केस होईल, आणि पाड्यावरची जी माणसं त्याच्या थापांना हसत आली तीच त्याला लाकूडचोर म्हणतील. तिकडे देवळाली कॅम्पात मालनबाई वाट पाहत होत्या. फौजी लोकांच्या तीस मुलांची बालवाडी त्या चिंचेखाली भरवायच्या. कॅम्पात पक्की भिंत उभारायला परवानगी नाही, दोन अर्ज परत आलेले. आश्रमशाळेच्या शिबिराला सुरगाण्यात आल्या तेव्हा त्यांनी सहादूच्या अंगणातलं गोल घर पाहिलं आणि एकच विचारलं, हे उचलून नेता येतं का? वर टाकायला जुन्या तंबूचं कापड त्यांनी मिळवून ठेवलं होतं. उद्या सकाळी मुलं आत बसायची होती.

सहादूला मात्र ऐकणारा माणूस मिळाला होता, आणि तो मिळाला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"सांगतो साहेब. धाकटीच्या शाळेच्या पुस्तकाला कव्हर घातलेलं, रशियाच्या मासिकाचं, गुळगुळीत. त्याच्यावर मेंढपाळाचं गोल घर. उंटावर लादून नेत्यात म्हनं. म्या म्हनलं, उंटावर मावतं तर आपल्या जीपवर का नाय मावणार? पन झालं काय, कव्हराची घडी नेमकी दारावर पडलेली. मला काय ठाव दार असतंय! आतून बांधत गेलो, बांधत गेलो, आन् घर पुरं झालं तवा मी आत."

नाक्यावर थांबलेल्या एसटीतले चार-सहा लोक उतरून भोवती आले होते. त्यांच्यातला एक फेटेवाला म्हणाला,

"मग बाहेर कसा आलास रं?"

"चार दिस आलोच नाय! ही बाई जाळीतनं भाकर सरकवायची. चटणी बोटाला लावून."

लोक हसले. भिकन कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, साहेबांसमोर तरी आवरा."

नवसाबाईने पदर सावरला. घडीखाली दार लपलं होतं हे खरं. सहादू आत अडकला हेही खरं. पण तिने जाळी हातभर उचलली होती आणि तो भाकर थापून व्हायच्या आत बाहेर आला होता. गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो एक दिवस आत होता. मागच्या होळीला तीन दिवस झाले होते. आज चार. तीस वर्षं तिने त्याचे आकडे असे वाढताना पाहिले, आणि चारचौघांत एकदाही त्याला अडवलं नाही. आकड्यांनी कुणाचं पोट दुखत नव्हतं.

"घर म्हणता, तर उभं करून दाखवा," पगारे म्हणाले. "मग पुढचं बोलू."

सहादूने धोतराचा काचा मारला. आता त्याचं तोंड बंद झालं आणि हात सुरू झाले, आणि हे हात कधी थाप मारत नसत.

त्याने आधी छकड्याच्या दांड्यांची चौकट उभी केली. "ह्या वेळी दार पयलं," एवढंच म्हणाला. मग नवसाबाईने एका मोळीचं टोक धरलं, त्याने दुसरं, आणि दोघं उलट्या दिशांना चालू लागले. मोळी उलगडत गेली, दुकानाचा लोखंडी जाळीचा दरवाजा ओढावा तशी, आणि हातभर रुंदीची ती गठडी बघता बघता पंधरा हातांची जाळी झाली. फेटेवाला दोन पावलं मागे सरला. दुसरी मोळी उलगडली. दोन्ही जाळ्या वळून चौकटीला भिडल्या. नवसाबाईने धामणीच्या सालीचा दोर सगळ्या गोलाला कमरेसारखा आवळला. गाठ मारताना तिने दातांचा आधार घेतला नाही. हा दोर तिने वळलेला होता, तो तिच्या हाताला ओळखत होता.

"भिकन, चाक."

आरे काढलेलं चाक दोन फाट्यांच्या दुबेळक्या काठीवर तोलून सहादू मधोमध उभा राहिला. चाकाच्या कडेला चोवीस भोकं. नवसाबाईने चार बाजूंनी चार काठ्या आधी खोचल्या, मग समोरासमोरच्या जोडीने बाकीच्या. शेवटची काठी बसली तेव्हा लाकूड करकरलं, चाक बोटभर वर उचललं गेलं, आणि सहादूने खालची काठी काढून घेतली.

चाक तिथंच राहिलं. खिळा नाही, खांब नाही. काठ्यांनी चाकाला रेटलेलं आणि चाकाने काठ्यांना.

"लटक," सहादू भिकनला म्हणाला.

"मी?"

"मग काय साहेबांना सांगू?"

भिकन चाकाला लटकला, पाय वर घेतले, आणि पिकल्या फणसासारखा हलला. घर हललं नाही. एसटीच्या कंडक्टरने घंटीची दोरी सोडून टाळ्या वाजवल्या. सहादूची छाती बंडीत मावेना. नवसाबाईने तोंड दुसरीकडे वळवलं, कारण तिची तीच गत होती आणि ती लोकांना दिसायला नको होती.

पगारे दारातून वाकून आत आले. बराच वेळ वर पाहत राहिले. मग त्यांनी छपराच्या एका काठीच्या बुडावरून हात फिरवला. जाळीवर टेकली होती तिथं प्रत्येक काठीला खांद्यासारखा बाक होता. चोवीसच्या चोवीस काठ्यांना तोच.

"ह्या वाकवल्या कशावर? वाफेवर?"

"वाकवल्या नाय साहेब, जन्मल्याच तशा." सहादूचा आवाज आता वेगळा होता, गोष्टीतला नव्हता. "बी रुजून आलेलं रोप सरळ वर जातं. खुंटाचा फुटवा आधी बाजूला सरकतो, मग उन्हाकडं वळतो. तो बाक आपसूक मिळतो. पानगळ झाली की तिरपा घाव घालायचा, पानी थांबलं नाय पायजे खुंटावर. चार पावसाळे थांबायचं. आन् एक फुटवा झाडाचा वाटा म्हनून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाय. माझ्या बापानं तोडलेलं झाड अजून जितं हाय, साहेब. ह्याच्याआधी अंगणातलं घर त्याच्यातनंच निघालं, चार वर्सांनी तिसरं निघंल."

पगाऱ्यांनी मान डोलावली. त्यांच्या शेताच्या बांधावरही कधी खुंट फुटले असतील. "जंगलातली रोपं नाहीत, हे पटलं मला," ते म्हणाले. "खुंटाचाच माल आहे. आता खुंट कुणाचे, एवढंच राहिलं." त्यांनी खिशातून पाटलाचं पत्र काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "किती खुंट होते, बाबा?"

"एक," सहादू म्हणाला.

बाहेरचे लोक जाळीला नाक लावून बघू लागले.

"एका खुंटाला साठ फुटवे?"

"कुणाला खरं वाटत नाय साहेब, म्हनून तर सांगत असतो. एक झाड, एक घर."

"नीट आठवून सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहिणार, आणि ते ह्या पत्राशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर माल इथंच राहील."

"एक म्हंजे एक."

पत्रात काय आहे ते नवसाबाईला वाचता येत नव्हतं. पण पाटील स्वतः बांधावर फिरून गेला होता. ती नागलीच्या खळ्यावर होती, तिथून तिने पाटलाला आणि सहादूला हातवारे करत चालताना पाहिलं होतं. पाटलाने डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं असणार, आणि बांधावर काय आहे ते तिच्याइतकं कुणाला माहीत!

सासऱ्याने तोडलेल्या तिन्ही धामणी ते चित्र मिळालं त्या वर्षी फुटल्या होत्या. मधल्या खुंटाला सहादूने कुंपण घातलं आणि घर बांधायच्या स्वप्नात बाजारभर गोष्टी सांगत हिंडला. कडेच्या दोन्ही खुंटांचे फुटवे शेळ्यांनी दोनदा साफ केले. मेलेत ते, राहू दे, असं तो म्हणाला होता. तिने राहू दिले नाहीत. करवंदीच्या जाळ्या तोडून डोक्यावरून आणल्या, दोन्ही खुंटांभोवती रचल्या, दर पावसाळ्यात पुन्हा रचल्या. पहिलं घर निघालं तेव्हा गोष्टीत एकच झाड होतं. तिने म्हटलं होतं, असू दे. गोष्टच आहे.

पगाऱ्यांनी कागदावर पेन टेकवलं. सहादू चाकाकडे पाहत उभा होता, एवढा निवांत की तिला त्याचा राग आला.

"साहेब, हे खोटं बोलत्यात!"

तिचा आवाज एवढा मोठा असेल असं तिलाच वाटलं नव्हतं. फेटेवाला जाळीपासून दूर झाला.

"एक नाय, तीन खुंट हायत. मधला ह्यांचा. कडंचे दोन माझे. हे तर मेलेत म्हनून सोडून चालले होते. म्या काटं आणलं, म्या राखलं." तिने उजवा तळवा पुढे केला. अंगठ्याखाली करवंदीचा एक काटा आत मोडून राहिला होता, त्यावर कातडी धरून काळा ठिपका झालेला. "हे बघा. ह्या भिंतीतली दर तीन काठ्यांतल्या दोन काठ्या माझ्या. लिहा तसं."

पगाऱ्यांनी तळव्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"लिहायची गरज नाही, मावशी. लिहिलेलंच आहे." त्यांनी पत्र उलगडून, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं वाचलं, "'बांधावरील धामणीचे खुंट तीन. पैकी दोन नवसाबाई सहादू गावित हिने कुंपण करून जगविले व राखले, असे तिचा नवरा सहादू याने जागेवर दाखवून सांगितले. सबब माल दोघांचा.'"

पगाऱ्यांनी पत्रावर सही केली आणि ते नवसाबाईच्या हातात दिलं. तिने ते उलटं धरलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी सरळ करून दिलं नाही. बाहेर जाऊन ते आडव्या बांबूचा दोर सोडू लागले.

भिकनला मात्र राहवलं नाही. "आवो बाबा, पाटलाला तुम्ही तीन सांगितले, मग इथं मघापासून एक-एक काय लावलं होतं? माझा जीव गेला असता ना!"

सहादूने छपराची एक काठी चाकातून अलगद काढली. ती उन्हात धरून तिचा बाक पाहिला. नवसाबाईकडे मात्र पाहिलं नाही.

"मला अडाण्याला मोजता कुठं येतंय रं," तो म्हणाला. तीन हा आकडा चारचौघांत आपल्याच तोंडून निघावा म्हणून तो एकवर अडून बसला होता, हे नवसाबाईला आता कळलं.

"खोटं," नवसाबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.