डुलणारा तास

पौषातले ऊन डोंगरावरून उतरताना घाई करत नाही. आधी ते माथ्यावरच्या कातळाला हळद लावते, मग काजूच्या बागांत रेंगाळते, मग नदीच्या उथळ, संथ, स्फटिकशुभ्र पाण्यात पाय सोडून बसते. आणि कासारआळीत पोहोचेपर्यंत इतके मऊ होते, की कौलांनाही त्याचे ओझे वाटत नाही.

त्या उन्हात, दामोदर वडक्यांच्या कारखान्याच्या दारात, एक तास टांगलेला होता. कांशाची थोरली, जाड, सुवर्णपिंगट थाळी; देवळात आरतीला लाकडी टोल्याने वाजवतात ती. सरणारा काळ आणि वाजणारा धातू, दोघांनाही मराठीने एकच नाव दिले आहे. दामोदर कार्तिकात गेले. तास राहिला.

हेमांगी त्यांची एकुलती लेक. वाद्यांचे आवाज टिपणे हा पुण्यात तिचा व्यवसाय. सतार कुठल्या अंगाने ऐकावी, सनईपासून किती दूर उभे राहावे, जलतरंगाच्या थेंबाला कान कुठे लावावा, हे तिला ठाऊक होते. आपले वडील, अण्णा, कसे ऐकावेत, एवढेच शिकायचे राहून गेले.

हा त्यांचा शेवटचा तास. डोंगरावरच्या करंजाईच्या देवळासाठी घडवलेला. देवस्थानचे तात्या निमकर आता अंथरुणाला खिळलेले; फोनवर म्हणाले होते, "दामूच्या हातचं मी काय पारखणार, पोरी? पण ऐकल्यावाचून देवीला तास चढत नाही, रीत आहे. तू आवाज धाड. मी पडल्या पडल्या ऐकतो."

रीत आळीचीही होती. कधी कधी तासाचा एक सूर फुटून दोन होतात. जुळ्या भावंडांसारखे जवळजवळचे, एकमेकांना ढकलणारे. मग नाद सरळ जात नाही. लाटेवरच्या होडीसारखा वर होतो, खाली होतो. त्याला म्हणायचे, तास डुलतोय. डुलणारा तास देवाला नाही, घराला नाही. ज्याने घडवला त्यानेच तो दुरुस्त करायचा. एकाच्या तासावर दुसऱ्याचा हातोडा चालत नाही. नाहीतर तोडायचा आणि पुन्हा मुशीत घालायचा. अण्णांनी असे कितीतरी तास तोडले होते, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

हेमांगीने पेट्या उघडल्या. काळ्या मखमलीतून एकेक माईक बाहेर आला, आणि चंपूआत्या, अण्णांची थोरली विधवा बहीण, जिने या कारखान्याचा भाता उभी हयात ओढला, उंबऱ्यावर बसून हसली.

"एवढी स्थळं घेऊन आलीस होय गं? माणसांत नाही जमलं, निदान यांतला एक तरी पसंत कर."

"बघते ना आत्या. पण तू मधे बोलू नकोस हं."

"मी? मी कधी बोलते?"

पहिला माईक पेन्सिलीएवढा, सडपातळ, तीक्ष्णकर्ण. तो तिने मध्याजवळ ठेवला आणि टोला मारला. हेडफोनमध्ये लाकूड धातूवर कडाडले. हातोड्याचा एकेक व्रण जणू उजळून निघाला. पण ठिणगी दिसली, अग्नी दिसला नाही. नाद उमलण्याआधीच या माईकचे ऐकून झाले होते.

दुसरा लाजाळू. त्याच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ धातूची पट्टी. तासाच्या वाऱ्यानेही फाटेल अशी. तो तिने काठाशी, जरा तिरका, अंग चोरून बसवला. टोला पडला, आणि कानांत सायंकाळ उतरली. एकच सूर. स्निग्ध, अखंड, मधासारखा ओघळणारा. कुठे तडा नाही, कुठे सल नाही. हेमांगीचे डोळे मिटले.

तिसरा थोरला, जाडजूड, स्वतःच्या आत निःशब्द. विरत्या नादाचा शेवटचा तंतूही सोडत नाही असा. तो तिने अंगणात नेला, शेवग्याच्या झाडाखाली. टोला मारला, धावत जाऊन कानांवर हेडफोन चढवले. तोवर नाद अंगण भरून राहिला होता. भरला, ओसरला. पुन्हा भरला, पुन्हा ओसरला.

तिने श्वास धरला. भरला, ओसरला.

उंबऱ्यावरून आत्या म्हणाली, हळू, जणू तासाला ऐकू जाऊ नये, "डुलतोय गं."

काठाजवळ एकच सूर ऐकू येत होता, कारण तिथे एकच सूर राहत होता. दुसरा पलीकडच्या काठावर. दोघांची गाठ पडत होती ती दूर, अंगणात, मोकळ्या हवेत. जवळून ऐकणाऱ्याला कळले नसते. दुरून ऐकणाऱ्याला चुकले नसते.

"तो मधला धाड," आत्या म्हणाली. "तिरळ्या पोरीचा फोटो एका अंगानंच काढतात. लग्न झाल्यावर कोण बघतंय?"

"तात्यांना फसवू?"

"फसवणं कसलं? तोही त्याचाच आवाज ना?"

तोही त्याचाच. हे खरे होते, म्हणूनच कठीण होते. काठाचा आवाज धाडला तर तास डोंगर चढेल, धूपदीपांच्या सान्निध्यात राहील, रोज सांजेला अण्णांचा हात दरीभर वाजेल. अंगणाचा धाडला, तर तास मोडेल.

ऊन शेवग्याच्या शेंगांवरून उतरले. हेमांगी दोन्ही आवाज आळीपाळीने ऐकत राहिली. काठाचा, अंगणाचा. काठाचा, अंगणाचा. काठाचा सूर सुंदर होता, निष्कलंक होता, आणि कुणाचाही असू शकत होता. अंगणातल्या नादात मात्र एक हात होता. भाद्रपदापासून थरथरू लागलेला, कपातला चहा बशीत सांडणारा, तिने फोनवर विचारले की "काही नाही गं, थंडी आहे" म्हणणारा. थंडी नसताना. तो हात इथे होता. भरत होता, ओसरत होता. त्याच्या अखेरच्या महिन्यांत ती जिथे नव्हती, तिथे हा नाद होता.

तिला तो झाकवेना. तिने अंगणाचा आवाज धाडला.

सकाळी फोन वाजला. तात्यांचा होता.

"दामूचाच आहे," ते म्हणाले. "पण डुलतोय गं पोरी."

"हो, तात्या."

"देवी चालवून घेईल. ती काय, आईच आहे. मला नाही जमायचं. माझ्या कानांत त्याचे आधीचे सगळे तास आहेत."

"अण्णांनीही नसता चालवून घेतला."

"नसता," तात्या म्हणाले. "भांडला असता उलट माझ्याशी, ऐकायला इतका वेळ का लावला म्हणून."

आत्याने भट्टी पेटवली. पदर खोचला, भात्याची दोरी धरली. हेमांगीने घण उचलला. ज्याने घडवला तो नव्हता. त्याचे रक्त होते, तोडण्यापुरती तेवढ्यावर रीत भागणार होती. कांसे कठोर असते, पण लवचीक नसते. पहिल्या घावाला तास ओरडला, भरला, ओसरला. दुसऱ्या घावाला तडकला. तिसऱ्या घावाला त्याचे नुसते तुकडे वाजले, भांड्यांसारखे, कुणाच्याही घरातल्या.

तिने ते ओंजळीने मुशीत ठेवले. भाता उसासत राहिला, निखारे जास्वंदी झाले, आणि पिंगट कडा हळूहळू कोवळ्या होत गेल्या. एक तुकडा दुसऱ्यावर कलला, दुसरा तिसऱ्यात बुडाला. काठ गेले, व्रण गेले, दोन्ही सूर गेले. मुशीच्या तळाशी एक लहानसा, लाल, थरथरता सूर्य उरला. ती वाकून ऐकत राहिली. वितळणारे कांसे आवाज करत नाही.