कोणी राह्यलं का?

"मीच आणलं या पोरीले, न् मलेच ओट्यावर बसवलं," सत्यशीला पुटपुटली.

तिला वाटलं, आपण मनातच बोललो. पण हातभर अंतरावर तिच्या मैत्रिणीची, पारुलची सून रंजीता विळीवर रोहू कापत बसली होती.

"काकी, लसूण सोलता का? तोंडाले नाई तं हाताले काम लागन."

"तुह्या सासूचं तोंड चालून राह्यलं ना आत. आपल्या दोघींचं भरून निघन."

दार आतून लावलेलं होतं. दाराआड पारुल बोलत होती. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता. सत्यशीलाला पारुलचे सगळे आवाज ठाऊक होते. मासोळी विकतानाचा, सुनेला हाका मारतानाचा, नवऱ्याला शेवटचं नेलं तेव्हाचा. हा त्यातला नव्हता. हा आवाज कुणासाठी तरी जपून ठेवलेला होता, आणि तो निघाला कुणासमोर, तर बल्लारपूरहून स्कूटीवर येणाऱ्या पंचविशीतल्या पोरीसमोर.

ही पोर म्हणजे हर्षा. एका संस्थेकडून लोकांच्या मनाचं दुखणं ऐकायला कॅम्पात यायची. कॅम्प म्हणजे बंगाली लोकांची वस्ती. पलीकडल्या देशातून जीव घेऊन आलेल्यांना सरकारनं इथं जंगल तोडून जमिनी दिल्या, त्याला पन्नासावर वर्षं झाली, तरी नाव कॅम्पच राहिलं. मागल्या वर्षी गावात जुन्या कागदांची चर्चा उठली. कुठून आले, कधी आले, सोबत कोण होतं. तेव्हापासून पारुलची झोप गेली. सत्यशीला कॅम्पालगतच्या नाल्याच्या अलीकडची, घरोघर औषधं देणारी गावची आशाताई. तिनंच हर्षाला हाताला धरून पारुलच्या घरी आणलं. चहा झाला, ओळख झाली, आणि मग हर्षा गोड आवाजात म्हणाली, "काकू, आता तुम्ही जरा बाहेर बसाल?"

जरा! पावसाळा सरला तरी सत्यशीला बाहेरच होती.

हर्षा दार उघडून आली, तशी सत्यशीला उठली. "काय म्हणते?"

"बऱ्या आहेत. झोप लागतेय थोडी."

"ते मले दिसते. म्हणते काय?"

"ते मी नाही सांगू शकत, काकू. त्यांना वाटलं तर त्या सांगतील."

"तीस वर्षांत नाई वाटलं तिले," सत्यशीला म्हणाली, आणि आपणच आपल्याला चिमटा काढल्यासारखं तिला झालं.

घरी नवरा देवाजी जेवता जेवता म्हणाला, "बाई झोपून राह्यली ना? मग तुले काऊन तकलीफ?"

"मले कुठी तकलीफ?"

"मग वरणात मीठ काऊन नाई?"

पुढच्या खेपेला सत्यशीलानं हर्षाला गाठलंच. "मॅडम, मलेही झोप नाई येत."

हर्षानं लगेच तिला आत घेतलं, दार लावलं, समोर बसली. इतकं नीट कुणी सत्यशीलाकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. "कशामुळे वाटतं तुम्हाला?"

सत्यशीलानं खूप शोधलं. शेवटी म्हणाली, "मच्छर."

बाहेर येताना रंजीता पदरात तोंड घालून हसत होती.

पण एक गोष्ट सत्यशीलाची होती, आणि ती हर्षाला ठाऊक नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं. बाजाराच्या दिवशी ती आणि पारुल हरिदासच्या काळीपिवळी जीपनं जात. माणसं भरली की हरिदास मागं न पाहता विचारायचा, "कोणी राह्यलं का?" मग पारुल खाली उतरायची. गाडीमागं उभी राहून कॅम्पाकडच्या रस्त्याकडे बघत राहायची. रस्ता मोकळा असला तरी. मग चढून म्हणायची, "चाल." काऊन, हे कुणी विचारत नसे. नवखा माणूस कुरकुरला की सत्यशीलाच भांडायची, "दोन मिनिटं थांबला तं मरशील का?" तिनंही कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर दुखेल, म्हणून. मैत्रिणीला यापेक्षा मोठं काय द्यायचं असतं?

त्या बाजारी पारुल टोपलं घेऊन आली, खेटून बसली आणि हलकेच म्हणाली, "शीला, आज मी उतरणार नाई. मॅडम म्हणली, या वख्ती बसूनच मागं पाहून बघा. जमते का ते पाहू."

सत्यशीला खिडकीकडे सरकली. म्हणजे हेही! ज्याच्यासाठी ती गाडीभर लोकांशी भांडली, तेही त्या पोरीच्या झोळीत गेलं.

"कोणी राह्यलं का?" हरिदासनं विचारलं.

पारुल मान वळवतच होती.

"कोणी नाई राह्यलं!" सत्यशीला मोठ्यानं म्हणाली. "चाल, चाल!"

गाडी हलली. पारुल अशी ओरडली, की हरिदासनं करकचून ब्रेक मारला. टोपलं कलंडलं, मासोळ्या लोकांच्या पायांत सांडल्या. पारुल त्या तुडवत उतरली. सत्यशीला तिच्यामागं धावली. रस्ता रिकामा होता, धूळ तेवढी खाली बसत होती.

"दीदी, चुकलं माह्यं," सत्यशीला म्हणाली. "मले राग आला होता. तू तिले सारं सांगतेस, मले काईच नाई."

"तिले एवढंच सांगितलं, का आजी हरपली. घरी बी आम्ही असंच म्हणतो. हरपली." पारुलनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तू तं तेवढंबी कधी विचारलं नाई."

"तुले दुखन म्हणून."

"मले वाटे, तुले ऐकायचंच नाई."

सत्यशीलानं तिचा हात धरला. मासोळीचा, ओला, थंडगार हात. त्या पोरीसारखं गोड विचारणं तिला येत नव्हतं. तिनं आपल्यासारखंच विचारलं.

"कोण राह्यलं होतं, दीदी?"

पारुल बोलू लागली. आवाज तोच होता, दाराआडचा.

"तिकडून पळालो तवा नावाड्यानं विचारलं, कोणी राह्यलं का. बाबा सामान लावत होता, आई लहान्याले पाजत होती. मागं बंदुका वाजून राह्यल्या होत्या. मी म्हणलं, कोणी नाई राह्यलं, चाल. तू म्हणली ना आता, तसंच." ती थांबली. "आजी हरपली नाई, शीला. बांधावरून येत होती. हळू चालत होती. मले दिसून राह्यली होती."