भिंतीतला एसटीचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, भिंतीला खिळलेला. पूर्वी मी एसटीच्या छताखाली असे. उमरखेड, कळंब, राजूर असं सगळीकडे फुकट हिंडत असे. धक्का बसला की माणसं मला अशी आवळत, जणू गाडी मीच चालवतोय.

गाडी भंगारात गेली. यवतमाळच्या वेल्डर नौशादभाईंनी मला कापलं, घासलं आणि मधुवंतीबाईंच्या माडीवर, मुलींच्या कमरेच्या उंचीला ठोकलं. इथे बाई बॅले नाच शिकवतात; मुली मला धरून सराव करतात. समोर आरसा आहे. त्यात पाहावं तेव्हा मी तिथल्या तिथेच.

शिकवणी संपली की बाईंच्या आई, शीलाकाकू, माझ्यावर ओले टॉवेल घालतात. "दांडा रिकामा कायले ठेवायचा?" म्हणतात.

हातावरून मी माणूस ओळखतो. आळशी मुलगी कोपर टेकते, ऐटबाज मुलगी आरशासाठी बोटं नाचवते. कळंबहून बसमध्ये उभ्यानं येणारी मिताली मात्र इथेही मला बसमधल्यासारखीच आवळायची. टाचा उचलल्या की ओढायचीच.

"लटकून काहून राह्यली गं? पाठ ताठ, गुडघे सरळ. हात नुसता ठेव," बाई म्हणाल्या.

"सोडलं की पडते मी, मॅडम."

"मग स्टेजवर दांडा घेऊन जातेस काय?"

मुली हसल्या. मिताली हसली नाही. वर्षाच्या कार्यक्रमात मधोमध कोण नाचणार, ते शनिवारी ठरायचं होतं आणि तिला तीच जागा हवी होती.

मला काय हवं होतं? तिच्या ओढण्यानं माझा एक बोल्ट ढिला झाला होता. मी मनात म्हणे, ओढ बाई, अजून ओढ. सुटलो तर निदान भंगाराच्या गाडीत तरी बसेन.

शनिवारी सकाळी बोल्ट निम्मा बाहेर आलेला बाईंना दिसला.

"नौशादभाई संध्याकाळी येतील. तोवर बोटं टेकवायची फक्त. कोणी ओढलं तर पायावर पडंल."

मितालीनं गरम तवा चाचपावा तशी बोटं ठेवली. टाचा उचलल्या. थरथरली. एक हिसका, की मी मोकळा. मी वाट पाहिली. तिनं ओढलं नाही. हळूच बोटंही उचलली.

"पडलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग चल, मधे ये. कार्यक्रमातही तिथंच."

ती मधे गेली. मी भिंतीलाच राहिलो.

संध्याकाळी नौशादभाईंनी बोल्ट आवळला. "आता भिंत पडंल, हा नाही," म्हणाले. काकूंनी लगेच टॉवेल टाकला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असं एका जागी खिळलेलं असेल. त्याचा आधार जरूर घ्या, पण लटकू नका. आणि ओला टॉवेल तेवढा दोरीवर घाला. मी इथून जाणार नाही; पण गंजतो हो.